खेळामुळे मुलांचा आत्मविश्वास खरंच वाढतो का?

‘मैदानात उतरलं की मुलं धीट होतात,’ असं आपण सर्रास म्हणतो. हे अर्धंच खरं आहे. संघ निवडताना दरवेळी शेवटी उरणारं मूल त्याच मैदानावरून आणखी मिटून घरी येतं. शाळेतला पीटीचा तास आठवून बघा!

मग फरक कशामुळे पडतो?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी मुलांच्या बेसबॉल संघांवर याचा अभ्यास केला. काही प्रशिक्षकांना त्यांनी साध्या गोष्टी शिकवल्या: प्रयत्नाला लगेच दाद द्या, चुकल्यावर धीर द्या, ओरडू नका. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, या प्रशिक्षकांकडची फक्त ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळ सोडून गेली. इतरांकडे हे प्रमाण २६ टक्के होतं. स्वतःला कमी लेखणाऱ्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत आणि पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात गेली. ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. जुळवून घ्यायचं ते शाळेने, मुलाने नाही.

खेळाला हेच लावलं तर खो-खोसारखा खेळ नाही. खर्च म्हणजे दोन खांब आणि थोडी फक्की. पारंपरिक नियमांत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण बसलेले असतात, नववा धावतो. त्याला मागे वळता येत नाही, मधली रेषाही ओलांडता येत नाही. त्यामुळे सगळ्यात वेगवान मुलगीही बसलेल्या मैत्रिणीला खो दिल्याशिवाय अडकते. काही सेकंदांत नवीन कुणीतरी उठतं. शिवाय ‘खो’ मोठ्यांदा म्हणावाच लागतो. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलासाठी ही छोटी गोष्ट नाही.

अर्थात, एकाच पोराला कायम राखीव बसवलं तर खो-खोही काही करू शकत नाही.

शिक्षकांनी कप्तानांना एकेक नाव पुकारायला लावण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून संघ पाडावेत. आणि घरी आल्यावर ‘जिंकलात का?’ याआधी विचारा, ‘आज तुला खो कुणी दिला? मग तू कुणाला दिलास?’