पंचवीस वर्षांची अट

परदेशांत तयार झालेली मोटार आपल्या देशांत आणावयाची म्हणजे दोन दारें ओलांडावीं लागतात. पहिलें दार बंदरावरील जकातखात्याचें. दुसरें, गाडीला क्रमांक देणाऱ्या नोंदणी कचेरीचें. पहिलें उघडलें म्हणजे दुसरें आपोआप उघडतें, असा पुष्कळांचा समज असतो. तो किती फसवा आहे हें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आलेल्या जुन्या परदेशी गाड्यांच्या इतिहासावरून चांगलें कळून येतें. त्याच इतिहासाचा आज थोडक्यांत परामर्श घ्यावयाचा आहे.

१९६६ सालीं अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनीं वाहनांच्या सुरक्षिततेविषयींच्या कायद्यावर सही केली. त्याअन्वयें १ जानेवारी १९६८ पासून तयार होणाऱ्या गाड्यांना सीट बेल्ट, दिवे, कांचा इत्यादिकांसंबंधीं मध्यवर्ती सरकारचे नियम लागू झाले. पुढें १९७० च्या कायद्यानें गाडीच्या धुरावरहि कडक निर्बंध आले. युरोपांतहि नियम होते. पण ते निराळे होते. त्यामुळें एकाच जर्मन कारखान्यांतून एकाच नांवाच्या दोन प्रकारच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या: एक अमेरिकेसाठीं, दुसरी बाकीच्या जगासाठीं.

१९८० नंतर डॉलरचा भाव चढत गेला, आणि १९८५ च्या आरंभीं एका डॉलरला तीनहून अधिक मार्क मिळूं लागले. साहजिकच युरोपांत मर्सिडीझ किंवा बीएमडब्ल्यू विकत घ्यावी, ती जहाजानें आणावी आणि अमेरिकेंतील एखाद्या कारखान्यांत तिला नियमांत बसवून घ्यावी, हें घरच्या विक्रेत्याकडून गाडी घेण्यापेक्षां स्वस्त पडूं लागलें. या व्यापाराला ‘करडा बाजार’ असें नांव पडलें. कारण तो चोरटा नव्हता, पण कारखानदारांना मान्यहि नव्हता. १९८५ या एका वर्षांत अशा साठ हजारांहून अधिक गाड्या आल्या. दारांत पोलादी पट्ट्या बसविणें, दिवे बदलणें, धूर शुद्ध करणारें यंत्र जोडणें, हें काम कांहीं कारखान्यांनीं चोख केलें. कांहींनीं तें कागदावरच उरकलें. इकडे अधिकृत विक्रेत्यांचें गिऱ्हाईक तुटूं लागलें, तेव्हां त्यांनीं व कारखानदारांनीं काँग्रेसकडे धांव घेतली. सुरक्षिततेची काळजी व धंद्याची काळजी या दोहोंनीं तेथें एकच मागणी केली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परिणामीं १९८८ सालीं नवा कायदा झाला व ३१ जानेवारी १९९० पासून तो अंमलांत आला. नियमांत न बसणारी गाडी यापुढें कोणा गृहस्थानें स्वतः आणावयाची सोय उरली नाहीं. ती सरकारकडे नोंदलेल्या आयातदारामार्फतच यावी, त्यानें तिच्या किंमतीच्या दीडपट रकमेचें जामीनपत्र लिहून द्यावें, असें ठरलें. करडा बाजार थोड्याच काळांत ओसरला. मात्र याच कायद्यांत एक सवलत ठेवलेली होती: जिच्या निर्मितीस पंचवीस वर्षें पुरीं झालीं, त्या गाडीस सुरक्षिततेचे हे नियम लागू नाहींत. धुराच्या नियमांतून तर मूळ स्थितींतील गाडी एकवीस वर्षांनींच सुटते.

हीं पंचवीस वर्षें निर्मितीच्या महिन्यापासून मोजतात. केवळ साल पाहून भागत नाहीं. जपानी गाडीवर निर्मितीची तारीख बहुधा कोरलेली नसते. म्हणून तिच्या जुन्या नोंदणीचा दाखला जपून आणावा लागतो. निस्सान कंपनीची स्कायलाइन जीटी-आर ही १९८९ सालीं निघालेली गाडी अमेरिकेंत कधीं विकली गेली नव्हती. ती २०१४ मध्यें राजरोस येऊं लागली. तिची स्वप्नें पाहणारे तरुण तोंवर प्रौढ झाले होते!

पण खरा तंटा उभा राहिला तो अशा वेगवान गाडीवरून नव्हे, तर एका चिमुकल्या मालमोटारीवरून. जपानांत ‘केई’ नांवाचा लहान वाहनांचा वर्ग १९४९ पासून आहे. १९९० नंतर त्याच्या एंजिनाची मर्यादा ६६० घनसेंटिमीटर झाली. आपल्याप्रमाणेंच जपानांतहि वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालते, म्हणून या गाडीचें चाक उजवीकडे असतें. स्वस्त, काटकसरी व चिवट अशा या मालमोटारी पंचविशी उलटतांच अमेरिकेंतील शेतकरी व लहान व्यावसायिक आणवूं लागले. बंदरावर त्यांना कोणी अडविलें नाहीं. परंतु गाडीची नोंदणी हा घटक राज्यांचा अधिकार आहे. २०२१ च्या सुमारास ऱ्होड आयलंड, मेन व पुढें जॉर्जिया या राज्यांत केई गाड्यांच्या नोंदणीस नकार मिळूं लागला. कांहीं मालकांची तर आधीं दिलेली नोंदणीहि काढून घेण्यांत आली. ज्यानें रीतसर जकात भरली, क्रमांक मिळविला व त्या गाडीवर आपला धंदा उभारला, त्याच्या पदरीं अंगणांत उभें राहिलेलें लोखंड आलें. टेक्सासमध्यें मालकांनीं नेटानें दाद मागितली, आणि २०२४ मध्यें तेथील खात्यानें या गाड्यांना नोंदणी खुली केली.

राज्यांची बाजू अगदींच पोकळ नव्हे. या गाडींत चालकाचे गुडघे व समोरचा पत्रा यांत फारसें अंतर नसतें. आणि आजूबाजूस धांवणाऱ्या अमेरिकन गाड्या तिच्या कितीतरी पट वजनाच्या असतात. परंतु १९६८ पूर्वींची, सीट बेल्टहि नसलेली अमेरिकन मोटार त्याच रस्त्यावर सन्मानानें फिरते. मग धोक्याचें माप केवळ परक्या गाडीलाच कां लावावें? लावावयाचेंच असेल तर गाडी जहाजांत चढण्यापूर्वीं तसें स्पष्ट सांगावें. एकदां दिलेला क्रमांक मागाहून परत मागणें हें सुरक्षिततेचें रक्षण नव्हे. त्यानें सरकारी कागदावरील लोकांचा विश्वास मात्र उडतो. आणि हा विश्वास गेल्यावर पुढचा नियम पाळावा असें नागरिकांना कां वाटावें, याचा विचार नियम करणाऱ्यांनींच करावयाचा आहे.