तिकीट औंधचं, वर्गणी सांगलीची

संग्रहालयांना तिकीट असावं का, हा वाद निघाला की मला औंध आठवतं. खटाव तालुक्यातलं हे गाव संस्थानाची राजधानी होतं. आज सांगली जिल्ह्यात असलेली आटपाडी आणि कुंडलही त्याच संस्थानात होती. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी जमवलेला संग्रह मुंबई-पुण्याला न पाठवता १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालयात मांडला. राजा रविवर्म्याची चित्रं आणि हेन्री मूरचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्प एका खेड्यात! पुढच्याच वर्षी त्यांनी कारभार प्रजेच्या हाती देणारी घटना लागू केली.

आता हे संग्रहालय राज्य सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिथलं तिकीट दहा रुपये असो की पंचवीस, साताऱ्याहून एसटीला त्याहून जास्त पैसे लागतात. ब्रिटनने २००१ साली आपल्या राष्ट्रीय संग्रहालयांची उरलीसुरली तिकिटं काढली, ते चांगलंच झालं. पण औंधला न जाणारा माणूस तिकिटामुळे अडलेला नसतो. शाळेच्या पोरांना मोफत सोडा, बाकीच्यांकडून घ्या. माझी तक्रार नाही.

वाचनालयाचं तसं नाही. संग्रहालयात माणूस वर्षा-दोन वर्षांतून एकदा जातो. वाचनालयात दर आठवड्याला जायचं असतं. आपल्याकडची जुनी पद्धत अशी, की वर्तमानपत्रांचं टेबल सगळ्यांना मोफत, पुस्तक घरी न्यायचं तर अनामत आणि वर्गणी. म्हणजे बातमी फुकट, कादंबरीला पैसे. फुकट मिळालेल्याची किंमत राहत नाही म्हणणाऱ्यांनी सकाळी त्या टेबलावर पेपरची पुरवणी मिळवून दाखवावी.

मग पैसे कोणी द्यायचे? आमच्या धंद्यातही फुकट ॲप म्हटलं की सर्व्हरचं बिल कोण भरतंय, हे आधी विचारतात. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बडोद्याला आणला आणि गावोगावच्या मोफत वाचनालयांच्या खर्चाचा वाटा राज्याने उचलला. सांगलीशेजारच्या कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली ग्रंथालय कायदा केला, भारतातला पहिला. मद्रासने १९४८ च्या कायद्यात ग्रंथालयासाठी घरपट्टीवर उपकर बसवला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यात अनुदान आलं, पण उपकर नाही. त्यामुळे अनुदान आणि वर्गणी यांवर संस्था कशाबशा चालतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगली नगर वाचनालयात शिरलं आणि हजारो पुस्तकांचा लगदा झाला. असं नुकसान सभासदांच्या वर्गणीतून भरून निघत नाही. त्या वर्गणीने वाचनालय तगत नाही, पण महिन्याचा हिशेब करून जगणारं घर मात्र दाराबाहेर राहतं.

शहरात घरपट्टीच्या बिलावर शिक्षण कराचा रकाना असतो, वृक्ष कराचा असतो. ग्रंथालयाचा नसतो.