विमान अपघातातील मृतांचे वारस आणि भरपाईचा कायदा : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
विमान अपघातात कुटुंबातील व्यक्ती दगावल्यास वारसांना कोणते न्यायमार्ग उपलब्ध होतात, हे झालेल्या हानीइतकेच मृताच्या तिकिटावरही अवलंबून राहिले आहे. प्रस्तुत लेखात भारताच्या संदर्भात या कायद्याच्या वाटचालीचा आढावा घेतला आहे.

मर्यादित दायित्वाचे पर्व :
१२ ऑक्टोबर १९२९ रोजी झालेल्या वॉर्सा करारामागे बाल्यावस्थेतील विमान व्यवसायाला संरक्षण देण्याचा हेतू होता. या कराराने विमान कंपनीचा दोष गृहीत धरला, त्यामुळे तो सिद्ध करण्याचा भार वारसांवर राहिला नाही. त्याच्या बदल्यात प्रत्येक प्रवाशामागे १,२५,००० सुवर्ण फ्रँक ही कमाल मर्यादा आली. भारतात १९३४ च्या कायद्याने हा करार लागू झाला. १९५५ च्या हेग प्रोटोकॉलने दुप्पट केलेली मर्यादा १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्याने स्वीकारली. देशांतर्गत प्रवासासाठी मात्र शासन अधिसूचनेद्वारे रुपयांत वेगळी मर्यादा ठरवीत राहिले.

मुंबई, १९७८ :
१ जानेवारी १९७८ रोजी दुबईकडे निघालेले एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोइंग ७४७ विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. त्यातील सर्व २१३ जण मृत्युमुखी पडले. वॉर्सा कराराची मर्यादा विमान कंपनीपुरती होती, निर्मात्यांना ती लागू नव्हती. त्यामुळे अमेरिकेतील सिएटल येथे बोइंग व उपकरण-निर्मात्यांविरुद्ध दावे दाखल झाले. १९८५ मध्ये न्यायालयाने निष्काळजीपणाचे आरोप फेटाळले. या मार्गात रकमेला कराराची मर्यादा नव्हती, परंतु दोष सिद्ध करण्याचा भार पुन्हा वारसांवर आला.

मॉन्ट्रियल करार आणि मंगळूर :
१९९९ चा मॉन्ट्रियल करार भारताने २००९ मध्ये स्वीकारला. त्यानुसार ठरावीक रकमेपर्यंत (मुळात १,००,००० एसडीआर) कंपनीला दायित्व टाळता येत नाही. त्यापुढील भरपाई टाळण्यासाठी आपली चूक नव्हती, हे कंपनीनेच सिद्ध करावे लागते. २२ मे २०१० रोजी मंगळूर येथे झालेल्या अपघातात १५८ जण मृत्यू पावले. त्यानंतर ही रक्कम प्रत्येक मृत प्रवाशाच्या वारसांना किमान मिळालीच पाहिजे काय, असा वाद उभा राहिला. २०११ मध्ये केरळ उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने होकारार्थी निर्णय दिला, परंतु खंडपीठाने तो रद्द केला. प्रत्यक्ष हानी सिद्ध करणे आवश्यक ठरले. एका कुटुंबाने ग्राहक आयोगाचा मार्ग अवलंबिला. त्यास सर्वोच्च न्यायालयाने ७.६४ कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली, तो निर्णय २०२० मध्ये, म्हणजे अपघातानंतर दहा वर्षांनी आला.

निष्कर्ष :
कायद्याचा कल व्यवसायाच्या संरक्षणाकडून प्रवाशाच्या हक्काकडे सरकला, हे निर्विवाद आहे. तथापि विषमता संपलेली नाही. २०१४ च्या अधिसूचनेने देशांतर्गत प्रवाशासाठी २० लाख रुपयांची मर्यादा ठरविली. म्हणजेच एकाच विमानात शेजारी बसलेल्या दोन प्रवाशांच्या वारसांचे हक्क तिकिटानुसार भिन्न असू शकतात. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघाताने आणखी एक उणीव समोर आणली. जमिनीवर मृत्यू पावलेल्यांजवळ तिकीटच नव्हते. त्यांच्या वारसांना मॉन्ट्रियल कराराचे संरक्षण नाही, त्यांना अपकृत्याच्या सर्वसाधारण कायद्याचाच आधार घ्यावा लागतो. शिवाय कंपनीविरुद्धचा कराराधारित दावा दोन वर्षांत दाखल न केल्यास हक्कच लोप पावतो. शोकाकुल कुटुंबास ही मुदत वेळीच कळणे, हे भरपाईच्या रकमेइतकेच महत्त्वाचे आहे.