पर्णप्रधान वधूगुच्छ

पर्णप्रधान वधूगुच्छ किंवा पर्णगुच्छ म्हणजे विवाहसमारंभात वधूने हाती धरावयाचा, फुलांऐवजी मुख्यतः पाने, डहाळ्या, नेचे व वेली यांपासून तयार केलेला गुच्छ होय. नेहमीच्या पुष्पगुच्छात पानांचे काम फुलांना आधार देण्याचे व मधल्या फटी भरून काढण्याचे असते. पर्णगुच्छात तीच रचनेचा मुख्य विषय असतात. काही गुच्छांत फुले अजिबात नसतात, तर काहींत कळ्या, फळे, बीजकोश किंवा एखाद-दुसरे फूल दुय्यम स्थानी असते. हा प्रकार मुख्यतः पाश्चात्त्य विवाहपद्धतीशी निगडित आहे.

== इतिहास ==

वधूने फुले धरण्यापेक्षा सुवासिक हिरवी पाने धरण्याची वा माळण्याची चाल जुनी आहे. प्राचीन ग्रीसमध्ये मर्टल हे सदाहरित झुडूप ॲफ्रोडाइटी या प्रेमदेवतेचे व रोममध्ये व्हीनसचे मानले जाई, आणि विवाहातील मुकुटांसाठी त्याच्या डहाळ्या वापरत. जर्मन भाषक प्रदेशात वधूच्या मस्तकावर मर्टलचा मुकुट ठेवण्याची प्रथा पुढे दीर्घकाळ टिकली. सोळाव्या-सतराव्या शतकांतील इंग्लंडमध्ये विवाहात रोझमेरीच्या डहाळ्या वापरीत. ती स्मरणाची खूण मानली जात असल्यामुळे तीच डहाळी अंत्यविधीतही दिसे.

ब्रिटिश राजघराण्यातील मर्टलची परंपरा या जर्मन चालीतूनच आली. १८४५ मध्ये राणी व्हिक्टोरिया व प्रिन्स अल्बर्ट गोथा येथे गेले असता अल्बर्टच्या आजीने राणीला मर्टल असलेला एक लहान गुच्छ दिला. त्यातील डहाळीपासून आइल ऑफ वाइट या बेटावरील ऑस्बोर्न हाउस येथे रोप वाढवण्यात आले. व्हिक्टोरियाची ज्येष्ठ कन्या राजकुमारी व्हिक्टोरिया हिच्या १८५८ मधील विवाहात मर्टल वापरले गेले आणि तेव्हापासून ही रीत चालू आहे. २०११ मध्ये कॅथरीन मिडलटन यांच्या गुच्छात मर्टलबरोबर आयव्हीही होती. २०१८ मध्ये मेगन मार्कल यांच्या गुच्छातही मर्टलची डहाळी होती. हे सर्व गुच्छ फुलांचेच असले, तरी त्यांतील परंपरेने ठरलेला घटक मात्र पानांचा आहे, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये नेचे गोळा करण्याचे वेड पसरले. चार्ल्स किंग्जली यांनी १८५५ मध्ये त्यास ‘टेरिडोमेनिया’ असे नाव दिले. घरात, भरतकामात, भांड्यांवर सर्वत्र नेच्यांच्या आकृती आल्या आणि त्या गुच्छांतही शिरल्या. शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी धबधब्याप्रमाणे खाली झुकणारे लांबलचक गुच्छ लोकप्रिय झाले. त्यांचा विस्तार फुलांवर नव्हे, तर शतावरीच्या कुळातील नाजूक वेली व आयव्ही यांवर तोललेला असे.

इंग्लिश पुष्परचनाकार कॉन्स्टन्स स्प्राय (१८८६–१९६०) यांनी कोबीवर्गातील केलची पाने, कुंपणावरील रानवेली व बीजकोश यांना उच्चभ्रू समारंभांत स्थान दिले. भाजीच्या वाफ्यातील पान आणि महागडे फूल यांत सौंदर्याच्या दृष्टीने भेद न मानणारी त्यांची भूमिका त्या काळी धक्कादायक होती. आजची पर्णगुच्छाची कल्पना बहुतांशी त्याच भूमिकेवर उभी आहे. २०१० नंतरच्या दशकात रुपेरी युकॅलिप्टसच्या गुच्छांचा प्रसार झाला. २०१७ साठी पँटोन या रंगसंस्थेने ‘ग्रीनरी’ ही हिरवी छटा वर्षाचा रंग म्हणून जाहीर केली, तेव्हा ही आवड शिखरावर होती.

== वापरल्या जाणाऱ्या वनस्पती ==

युकॅलिप्टसच्या शेकडो जातींपैकी युकॅलिप्टस सिनेरिया, यु. गनी व यु. पल्व्हरुलेंटा या जाती विशेष वापरात आहेत. त्यांची गोल, करड्या-निळसर, मेणचट पाने ही बहुधा झाडाच्या बाल्यावस्थेतील पाने असतात. सिनेरिया व गनी या जातींत वाढ होत जाते तशी नवी पाने लांबट येऊ लागतात. म्हणून लागवडीत झाडे वारंवार खोडापासून छाटतात व त्यांना बाल्यावस्थेतच ठेवतात. बाजारात दिसणारे गोल पान हे अशा रीतीने छाटणीचे फळ असते.

लेदरलीफ नावाचा जाड पानांचा नेचा (रुमोहरा ॲडिअँटिफॉर्मिस) हा जगाच्या पर्णव्यापारातील एक प्रमुख माल असून अमेरिकेतील फ्लोरिडा व मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका येथे त्याची मोठी लागवड आहे. सलाल हे झुडूप अमेरिका व कॅनडाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील जंगलांतून तोडले जाते. बाजारात ते ‘लेमन लीफ’ या नावाने मिळते, परंतु लिंबाशी त्याचा काहीही संबंध नाही. मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोराच्या पानाची वरची बाजू चकचकीत हिरवी व खालची तांबूस मखमली असते, त्यामुळे एकच पान उलटसुलट लावून दोन रंग साधता येतात.

रस्कस या वनस्पतीची ‘पाने’ प्रत्यक्षात पाने नसून चपटे झालेले खोडाचे भाग आहेत. म्हणूनच तिची लहान फुले व लाल फळे पानाच्या मधोमध उगवल्यासारखी दिसतात. शतावरीवर्गातील ‘अस्पॅरेगस फर्न’चेही तसेच: तो नेचा नाही आणि त्याच्या सुईसारख्या पात्या पाने नाहीत. रस्कस पाण्याबाहेर बराच काळ ताजा राहतो, त्यामुळे उष्ण हवामानातील विवाहांत त्याला मागणी असते.

== रचना ==

फुलांच्या गुच्छात नजर आपोआप रंगाकडे जाते. पर्णगुच्छात तो आधार नसल्यामुळे पोत, आकार, छटा आणि पानाची चकाकी यांवर काम करावे लागते. सर्व पाने एकाच हिरव्या छटेची व सारख्या आकाराची घेतल्यास गुच्छ दुरून जुडीसारखा दिसतो; हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष आहे. त्यामुळे रुंद व गडद पानांचा गाभा, त्याभोवती मध्यम आकाराच्या डहाळ्या आणि कडेने बारीक किंवा झुकणाऱ्या वेली अशी मांडणी करतात. शुभ्र वस्त्रावर गडद हिरवा रंग ठळक उठतो, तर करडी-रुपेरी पाने छायाचित्रात वस्त्रात विरून जाण्याचा संभव असतो. ती हवीच असल्यास त्यांच्यामागे काळसर पानांचा थर देतात.

हाताने बांधलेल्या गुच्छात सर्पिल पद्धत वापरली जाते. पहिली डहाळी उभी धरून पुढील प्रत्येक डहाळी एकाच दिशेने तिरकी ठेवतात व गुच्छ हातात थोडा थोडा फिरवत जातात. सर्व देठ एकाच बिंदूत एकमेकांना छेदतात व तेथेच सुतळीने बांधतात. देठ मध्येच उलट दिशेने गेल्यास तो इतरांना चेपतो व गुच्छाचा आकार बिघडतो. पद्धत नीट साधल्यास देठ सारखे कापल्यावर गुच्छ टेबलावर स्वतःच्या आधाराने उभा राहतो. बांधणीच्या जागेखालील सर्व पाने काढून टाकतात.

झुकणाऱ्या गुच्छासाठी वेलींना बारीक तार लावून हिरव्या चिकटपट्टीने गुंडाळतात. ही पट्टी ताणली असताच चिकटते. एकच मोठे पान गुंडाळून, दुमडून किंवा अनेक पाने एकावर एक रचून मोठ्या गुलाबाचा भास देणारी रचनाही केली जाते. ॲस्पिडिस्ट्रा व गॅलॅक्स ही पाने त्यासाठी योग्य ठरतात.

पर्णगुच्छ स्वस्त पडतो हा समज अर्धाच खरा आहे. एका डहाळीची किंमत फुलापेक्षा कमी असली तरी तेवढाच घेर भरण्यास डहाळ्या पुष्कळ लागतात, आणि काष्ठमय देठांमुळे गुच्छ जड होतो. तासभर हातात धरावयाच्या वस्तूबाबत वजनाचा विचार महत्त्वाचा असतो.

== तोडणी व टिकवण ==

तोडलेल्या पानातून बाष्पोत्सर्जन चालूच राहते; देठातून पाणी मिळेनासे झाले की ते मलूल होते. पूर्ण वाढलेली, जाड उपत्वचेची पाने अधिक टिकतात. कोवळी पालवी दिसावयास सुंदर असली तरी तोडल्यावर अल्पावधीत माना टाकते, म्हणून ती शेंड्यावरून खुडतात. तोडणी पहाटे करतात, देठ तिरके कापून काही तास खोल पाण्यात थंड जागी ठेवतात. पाण्यात बुडणारी पाने कुजून जिवाणू वाढतात व देठातील वाहिन्या बुजतात.

युकॅलिप्टससारख्या डहाळ्या एक भाग ग्लिसरीन व दोन भाग गरम पाणी या मिश्रणात ठेवल्यास काही आठवड्यांत पेशींतील पाण्याची जागा ग्लिसरीन घेते. अशी पाने लवचीक राहतात व वर्षानुवर्षे टिकतात, मात्र त्यांचा रंग बहुधा तपकिरीकडे झुकतो.

== विषारी व दाहक पाने ==

फुले नसल्याने परागकणांचा त्रास टळतो, परंतु पाने निरुपद्रवी असतातच असे नाही. आयव्हीतील फाल्कॅरिनॉल या द्रव्याने काहींच्या त्वचेला दाह होतो. डिफेनबॅकियामध्ये कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. युफोर्बियाचा पांढरा चीक त्वचेला व विशेषतः डोळ्यांना अपायकारक आहे. क्रोटन व आंबा यांचा चीक वस्त्रावर डाग पाडतो, म्हणून कापलेले देठ वाहणे थांबेपर्यंत थांबावे लागते. कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत. गुच्छातून उरलेली पाने केकच्या सजावटीस लावण्याची पद्धत असल्यामुळे अशा वनस्पती गुच्छातूनच वगळणे सुरक्षित मानले जाते.

== पर्यावरणीय परिणाम ==

दक्षिण आफ्रिकेतील अस्पॅरेगस अस्पॅरेगॉइडिस ही वेल गुच्छांसाठी इतकी वापरली गेली, की इंग्रजीत तिचे नाव ‘ब्रायडल क्रीपर’, म्हणजे वधूवेल, असे पडले. एकोणिसाव्या शतकात ती शोभेसाठी ऑस्ट्रेलियात नेण्यात आली. तिची फळे पक्षी खातात व बिया दूरवर पसरवतात. जमिनीखाली तिच्या कंदांचे दाट थर तयार होतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातील झुडपी वनांत तिने स्थानिक वनस्पतींना झाकून टाकले आणि १९९९ मध्ये तिचा समावेश राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत झाला. तिच्या नियंत्रणासाठी १९९९ मध्ये तुडतुड्याची एक जात व २००० मध्ये तांबेरा रोगाची एक बुरशी सोडण्यात आली. बुरशीचा परिणाम अनेक ठिकाणी लक्षणीय दिसला, परंतु वेल नाहीशी झालेली नाही.

गॅलॅक्सची गोष्ट याच्या उलट आहे. ही वनस्पती अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांत रानात वाढते, तिची पाने हाताने खुडली जातात, व अतितोडीच्या भीतीने राष्ट्रीय वनांत परवाना घ्यावा लागतो. व्हर्जिनिया राज्यातील गॅलॅक्स या गावाचे नावच या पानावरून पडले आहे.

गुच्छ ओलसर ठेवण्यासाठी मुठीत बसवला जाणारा हिरवा फेस फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचा असून त्याचा चुरा सूक्ष्म प्लास्टिकच्या रूपात उरतो. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. हाताने बांधलेल्या पर्णगुच्छास त्याची गरज भासत नाही.

== महाराष्ट्र व गोवा ==

गोवा, वसई व मुंबई येथील ख्रिस्ती विवाहांत वधू गुच्छ धरते. येथील फुलबाजारांत हिरवा माल म्हणून अस्पॅरेगस, ड्रेसिना, अरेका पाम, मोरपंखी, कामिनी (कुंती) व उंच वाढणाऱ्या आसुपालवाची पाने मिळतात. युकॅलिप्टस सिनेरिया थंड हवेत वाढणारी असल्याने ती दुरून आणावी लागते व महाग पडते. दमट किनारी हवेत मोरपंखी व ड्रेसिना हे टिकाऊ पर्याय ठरतात.

महाराष्ट्रातील हिंदू विवाहात वधूच्या हाती गुच्छ नसतो, परंतु पानांना विधीत मानाचे स्थान आहे. कलशावरील आम्रपल्लव, विड्याची पाने, दारावरील आंब्याचे तोरण व मांडवाला केळीचे खांब हे सर्वपरिचित आहेत. अनेक मराठा कुळांत कळंबासारख्या झाडाची डहाळी किंवा पंचपल्लव देवक म्हणून पूजले जाते. हा वापर कुळाशी व पूजेशी निगडित असल्याने त्यास पर्णगुच्छाचे पूर्वरूप म्हणता येत नाही. स्वागतसमारंभात वधूवरांना गुच्छ देण्याची आजची रीत मात्र पाश्चात्त्य प्रभावातून आलेली आहे, आणि त्या गुच्छांत पाने अद्याप फुलांच्या मागेच उभी असतात.