दोन इंजिनांची बोट आणि पेट्रोलचा हिशेब



बहरीनमध्ये उन्हाळ्याची तलखी कमी झाली की शुक्रवारच्या सुट्टीला बोटीने जायचे बेत ठरू लागतात. कुणी ओहोटीला वर येणाऱ्या जरादाच्या वाळूवर, तर कुणी हवार बेटांकडे. चार कुटुंबे मिळून बोट ठरवतात आणि पेट्रोलचा आकडा ऐकून दचकतात. हा आकडा येतो कसा, ते पाहू.

तासाला किती?
मोटारीचे ॲव्हरेज आपण किलोमीटरवर काढतो, बोटीचा खप मात्र तासावर मोजतात. ठोकताळा असा: पूर्ण वेगात पेट्रोल इंजिन दर हॉर्सपॉवरमागे तासाला सुमारे 0.3 लिटर पेट्रोल पिते, तर डिझेल इंजिनाला सुमारे 0.2 लिटर डिझेल लागते. म्हणजे 300 हॉर्सपॉवरची दोन पेट्रोल आउटबोर्ड इंजिने तासाला 180 लिटर संपवतात!

वेगाचा खेळ
अगदी हळू चालणारी बोट पाणी कापत जाते, खप कमी असतो. थोडा वेग वाढवला की नाळ वर उचलते, मागची बाजू बसते आणि बोट स्वतःच्याच लाटेवर चढत राहते. इथे पेट्रोल जाते फार आणि अंतर कटते थोडे. आणखी वेग घेतला की बोट पाण्यावर तरंगत धावू लागते. त्यानंतर लगेचचा बेताचा वेग सर्वांत फायद्याचा. जादा माणसे, भरलेले आइसबॉक्स, तळाला चिकटलेले शिंपले-शेवाळ आणि समोरून येणारा शमाल वारा, हे सगळे खप वाढवतात.

हवारचे उदाहरण
मुख्य बेटाच्या किनाऱ्यापासून हवार सुमारे 25 किमी, म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाण्यापेक्षा थोडे अधिक. जाऊन-येऊन 50 किमी धरू. वरच्या बोटीसाठी अंदाजे आकडे:

- ताशी 48 किमी (तासाला 80 लिटर): 83 लिटर
- ताशी 80 किमी (तासाला 180 लिटर): 112 लिटर

एका बाजूला वेळ वाचतो जेमतेम 12 मिनिटे, त्यासाठी एकूण सुमारे 30 लिटर जास्त! बहरीनमध्ये जानेवारी 2016 मध्ये मुमताज पेट्रोल 100 वरून 160 फिल्स झाले, तर जानेवारी 2018 मध्ये 200 फिल्स. त्या 2018 च्या दराने हे 6 दिनार होतात. पंपावरचा आजचा भाव घेऊन गुणाकार करावा.

तिसरा हिस्सा राखीव
जुना नियम सोपा आहे: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. म्हणजे 83 लिटरच्या सफरीला टाकीत किमान 125 लिटर हवे. "दोन इंजिने आहेत, एक बंद पडले तरी काय बिघडते?" असे म्हणू नये. एका इंजिनावर मोठी बोट बहुधा पाण्यावर उचलली जात नाही, रखडत चालते. आणि दोन्ही इंजिने एकाच टाकीवर असतील तर पेट्रोल संपले की दोन्ही एकदमच थांबतात.

तेव्हा निघण्यापूर्वी नाखव्याला तीन प्रश्न जरूर विचारा: टाकीत किती लिटर आहे, तासाला किती लागते, राखीव किती? मुलाबाळांना घेऊन जाताना यात संकोच कसला? परतण्याची वेळही किनाऱ्यावरच्या कुणाला तरी सांगून ठेवा.

सफर सुखाची होवो!