भिंतीआडचे दुःख आणि मदतीची दारे



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत नवरा-बायकोच्या मारझोडीचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हाला वाटते, तो इथेच हवा. आपल्या चाळींत, वस्त्यांत भिंती पातळ असतात. शेजारच्या घरातले रडणे सगळ्यांना ऐकू येते आणि तरी "घरातली भानगड घरातच बरी" म्हणून आपण रेडिओचा आवाज वाढवतो. ही सवय मोडायला किती माणसे झटली, त्याचा हा थोडक्यात इतिहास.

आपला धम्म या बाबतीत मुका नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पतीची पाच कर्तव्ये सांगितली आहेत: पत्नीचा सन्मान करावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिच्या हाती द्यावा आणि तिला वस्त्रालंकार द्यावेत. मारण्याचा हक्क त्यात कुठेच नाही. आपल्या शेजारच्या कान्हेरी लेण्यांतले शिलालेखही पाहावेत. दान देणाऱ्यांत भिक्खुणी आणि उपासिकांची नावे तिथे कोरलेली आहेत. त्या काळी बाईचे स्वतःचे नाव होते, स्वतःचे दान होते.

मधल्या काळात ते गेले. महात्मा फुले आणि सावित्रीमाईंनी पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांच्या बाळंतपणासाठी आपल्या घराचे दार उघडले. तिथेच जन्मलेल्या यशवंतला त्यांनी १८७४ साली दत्तक घेतले. आई आणि लेकरू दोघांना एकाच वेळी आसरा द्यायचा, ही कल्पना आपल्याकडे अशी जुनी आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले, की बाईने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, दासी म्हणून नव्हे. पुढे हिंदू कोड बिल अडवले गेले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. १९५५ चा हिंदू विवाह कायदा त्यातूनच पुढे आला, आणि तो बौद्धांनाही लागू आहे. घटस्फोट आणि पोटगी हे हक्क कोणी मेहेरबानीने दिलेले नाहीत.

तरीही रात्री मार खाल्लेल्या बाईने जायचे कुठे? १९८३ साली ४९८-अ कलम आले आणि सासरचा छळ गुन्हा ठरला. (१ जुलै २०२४ पासून त्याजागी भारतीय न्याय संहितेची कलमे ८५ व ८६ आहेत.) पण चौकीवर गेले की "जा बाई, घरी जा, समजुतीने घ्या" हेच ऐकावे लागे. म्हणून १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्त कार्यालयातच महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत, पण खुर्चीवर शिकलेली समाजसेविका. ती आधी बाईचे सगळे ऐकून घेते. मग नवऱ्याला बोलावून मारहाण थांबवायला बजावते, अडवलेले स्त्रीधन काढून देते, गुन्हा नोंदवताना सोबत राहते, निवारा आणि वकील मिळवून देते. असा कक्ष पुढे दादरला आणि आपल्या कांदिवलीलाही झाला. नंतर राज्य शासनाने हे काम जिल्ह्याजिल्ह्यांत नेले.

दुसरे दार दवाखान्याचे. मार खाल्लेली बाई डॉक्टरला सांगते, "मोरीत घसरून पडले." जखम शिवली जाते आणि बाई त्याच घरी परत जाते. हे ओळखून महापालिका आणि सेहत संस्थेने २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र काढले. परिचारिका आणि डॉक्टरांना खुणा ओळखायला शिकवले, बाईशी एकांतात बोलायची सोय केली. पुढे महापालिकेच्या इतर रुग्णालयांतही हे काम गेले.

तिसरे दार २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचे. शिवीगाळ, पैशाची अडवणूक, लैंगिक जबरदस्ती, हीसुद्धा हिंसाच, हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. खोली नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असली, तरी न्यायालयाच्या आदेशाशिवाय बाईला तिथून हाकलता येत नाही. संरक्षण अधिकारी अर्ज करायला मदत करतो. मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. बायको, आई, बहीण, विधवा सून, सगळ्यांना हा कायदा आहे.

आणि मुले? ती कोपऱ्यात गोधडीत झोपेचे सोंग घेऊन सगळे ऐकत असतात. अभ्यासात मागे पडतात, अंथरूण ओले करतात. मुलगा हात उगारायला शिकतो, मुलगी गप्प बसायला. "मुलांसाठी सहन कर" असे आपण त्या माऊलीला सांगतो तेव्हा मुलांच्या पदरात हेच पडते. क्षांती म्हणजे मार खात राहणे नव्हे. अन्याय झाकणे हा शीलाचा भाग कधीच नव्हता.

आम्हाला वाटते, आपल्या विहाराच्या महिला मंडळाने एवढे तरी करावे. आलेल्या बाईला आधी बसवून पाणी द्यावे आणि "तुझं काय चुकलं?" हा प्रश्न विचारू नये. तिचे रेशनकार्ड, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद यांच्या नकला सुरक्षित ठेवाव्यात. चौकीत तिला एकटीला पाठवू नये. समेट करायचाच, तर मारणार नाही याची हमी आधी घ्यावी. आणि तिला परत जायचे नसेल तर समेटाचा आग्रह धरू नये. फलकावर पोलिसांचा १०३ आणि मुलांसाठीचा १०९८ हे दूरध्वनी क्रमांक ठळक लिहावेत. पुरुष मंडळींनीही, दीक्षेच्या वेळी दारू न पिण्याची जी प्रतिज्ञा घेतली, ती पंचशीलाबरोबर घरी न्यावी.

बुद्धपूजेला हात जोडणाऱ्या प्रत्येक घरात बाई आणि लेकरे निर्भय झोपली, तर वर्धापन दिन खऱ्या अर्थाने साजरा झाला असे आम्ही समजू.

भवतु सब्ब मंगलं.