मँगनीज : प्रतीवर ठरते काळ्या दगडाचे मोल

तुमसर (वार्ताहर) - भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला ही गावे देशभर ओळखली जातात ती मँगनीजच्या खाणींमुळे. खाणीतून निघालेल्या काळ्या दगडांचे ढीग नवख्या माणसाला एकसारखेच दिसतात. प्रत्यक्षात एक ढीग पोलादाच्या कामी येतो, तर दुसरा बॅटरीच्या. हा फरक ठरतो खनिजाच्या प्रतीवरून.

नागपूर, भंडारा, बालाघाट व छिंदवाडा या जिल्ह्यांतून जाणाऱ्या मँगनीज पट्ट्यात १८९६ साली स्थापन झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या ब्रिटिश कंपनीने खाणकाम सुरू केले. १९६२ साली तिच्या खाणी नव्या 'मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड' कंपनीकडे आल्या आणि १९७७ पासून ही कंपनी पूर्णतः सरकारी मालकीची झाली. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या या कंपनीचे नाव २०१० साली 'मॉईल लिमिटेड' झाले व त्याच वर्षी तिचे समभाग बाजारात आले.

टक्केवारीनुसार वर्गवारी
मँगनीजचे प्रमाण ४६ टक्क्यांहून अधिक असलेले खनिज उच्च प्रतीचे, ३५ ते ४६ टक्क्यांचे मध्यम आणि २५ ते ३५ टक्क्यांचे कनिष्ठ प्रतीचे समजले जाते. उच्च प्रतीपासून फेरोमँगनीज, तर मध्यम प्रतीपासून सिलिकोमँगनीज हे मिश्रधातू तयार होतात. कनिष्ठ प्रतीचे खनिज झोतभट्टीत लोहखनिजाबरोबर टाकले जाते. पोलादातील गंधक लोहाशी संयोग पावल्यास तापलेले पोलाद लाटताना तडकते. मँगनीज त्या गंधकाला स्वतःशी बांधून घेते. म्हणूनच पोलादनिर्मितीत मँगनीजला समाधानकारक पर्याय नाही.

मात्र केवळ टक्केवारी पुरेशी नाही. उत्तम फेरोमँगनीजसाठी खनिजात लोहाच्या सुमारे सातपट मँगनीज असावे लागते. फॉस्फरस तर अत्यल्पच हवा. कारण भट्टीत तो जवळजवळ सगळा धातूतच उतरतो आणि पोलाद ठिसूळ करतो. परिणामी, मँगनीज भरपूर पण फॉस्फरसही जास्त असलेल्या खनिजाचा भाव घसरतो.

बॅटरीची प्रत वेगळी
डोंगरी बुजुर्गच्या खुल्या खाणीचे वैशिष्ट्य म्हणजे तेथील मँगनीज डायऑक्साइडयुक्त खनिज. भट्टीसाठी एकूण मँगनीज मोजले जाते. कोरड्या बॅटरीसाठी मात्र ते डायऑक्साइडच्या रूपात असणे आवश्यक असते. सेलमधील जस्ताकडून येणारे इलेक्ट्रॉन स्वीकारण्याचे काम हा डायऑक्साइडच करतो. ब्राउनाइटसारख्या खनिजात मँगनीज विपुल असले, तरी ते बहुतांशी अन्य रूपात असल्याने सेलसाठी निरुपयोगी ठरते. याउलट डायऑक्साइडचे खनिज भट्टीत गेले, तर त्याचा हा दुर्मीळ गुण वाया जातो. त्यामुळे खाणीतच थर ओळखून ते खनिज वेगळे काढणे महत्त्वाचे असते.

अल्कलाइन सेलसाठी नैसर्गिक डायऑक्साइडची शुद्धताही अपुरी पडते. त्याकरिता खनिज भाजून गंधकाम्लात विरघळवतात, द्रावण शुद्ध करतात आणि त्यातून वीजप्रवाह सोडतात. धनाग्रावर जमा होणारा थर म्हणजे विद्युत-अपघटनी मँगनीज डायऑक्साइड. आम्लाला दाद न देणाऱ्या टायटॅनियमचे धनाग्र या उद्योगात जगभर वापरले जातात. असे उत्पादन घेणारा प्रकल्प मॉईलने डोंगरी बुजुर्ग येथेच उभारला. खाणीच्या दारातच दगडाचे मूल्य वाढविण्याचे हे जिल्ह्यातील महत्त्वाचे उदाहरण होय.

नमुन्यावर भिस्त
ढिगाची प्रत ठरते ती प्रयोगशाळेत गेलेल्या नमुन्यावरून. केवळ वरचे निवडक दगड उचलल्यास ढिगाची प्रत फुगते, तर नुसता चुरा उचलल्यास ती चुकीची दिसू शकते. म्हणून ढिगाच्या निरनिराळ्या भागांतून दगड घेऊन, ते फोडून व एकत्र करून नमुना काढला जातो.

ही कामे करताना उडणारी धूळ घातक असते. ती दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास मज्जासंस्थेवर परिणाम होऊन हातपाय कापणे, चाल अडखळणे अशी लक्षणे दिसतात. खनिजावर पाणी मारणे, नाकातोंडावर मुखपट्टी बांधणे आणि कामगारांची नियमित तपासणी यांत हयगय होता कामा नये. भूगर्भातील साठा एकदा उपसला की पुन्हा भरून येत नाही. त्यामुळे प्रत्येक प्रतीचे खनिज तिच्या योग्य कामी लावण्यातच जिल्ह्याचे हित आहे.